म्हाळसाबाईंची भांडी आणि वत्सलेची विहीर

पडेगावच्या फाट्यावर रिक्षातून उतरलं की शीला पहिल्यांदा चपला काढायची. चपला हातात, आणि डांबरी सोडून कडेच्या मातीतून घरापर्यंत अनवाणी. बघणारे बघायचे. बघू द्या बापडे. दिवसभर उभं राहून दुसऱ्यांच्या लेकीसुनांना साड्या दाखवल्या असत्या, तर त्यांनीही हेच केलं असतं.

गुलमंडीत रामकिसनशेठच्या साडीच्या दुकानात ती कामाला होती. दुकानात स्टूल होतं, नव्हतं असं नाही. पण ते गिऱ्हाइकासाठी. कामावरची बाई बसलेली दिसली की लोकांना वाटतं दुकान चालत नाही, असं शेठचं म्हणणं. शेठ स्वतः मात्र गल्ल्यामागच्या गादीवरून डबा खायलासुद्धा उठायचा नाही. दुकान चालतंय हे दाखवायची जिम्मेदारी सगळी शीलाच्या पायांवर. आणि गिऱ्हाइकं तरी कशी! "ताई, हीच डिझाइन, हाच रंग, पण जरा वेगळं दाखवा ना." शीला हसायची, आणि वेगळं दाखवायची. साड्यांचा डोंगर व्हायचा, गिऱ्हाईक "येतो हं परत" म्हणून पसार, आणि शीला एकेक घडी परत घालत बसायची. बसायची म्हणजे उभी.

घरी आलं की पुढची पाळी. नवरा अजिनाथ वाळूजला कंपनीत, बहुतेक वेळा दुसऱ्या शिफ्टला. पोरगा शिवराज पुण्याला नोकरीला लागलेला. घरात राहिल्या दोघी, शीला आणि सासू म्हाळसाबाई.

म्हाळसाबाई मूळच्या कन्नड तालुक्यातल्या वस्तीवरच्या. नवऱ्याच्या, केरबाच्या, जोडीनं सगळा जन्म मेंढरांमागं चालण्यात गेला. केरबा गेले, मेंढरं विकली, आणि अजिनाथनं मायला शहरात आणलं. इथं मागं चालायला काहीच नाही. मग बाई दाराशी आत टाकलेल्या बाजेवर बसायच्या आणि गल्लीतल्या माणसांवरच नजर ठेवायच्या. कोण लंगडतंय, कोण वाळलंय, कोण रोजच्या वाटेनं न जाता बोळातून चाललंय. गल्लीतल्या पोरापोरींची लग्नं म्हाळसाबाईंना पोरांच्या आईबापाआधी कळायची.

कामाला बाई आळशी नव्हत्या. लसूण सोलतील, दार झाडतील, नळाचा दिवस असला की पहाटेपासून ड्रमापाशी पहारा देतील. पण भांडी नाही. "सून धडधाकट घरात असताना सासूनं उष्ट्याला हात लावला तर गावात तोंड दाखवायला जागा राहत नाय," हा त्यांचा कायदा. एक कायदा शेठचा, एक म्हाळसाबाईंचा, आणि दोन्हींच्या मध्ये शीला. ती मोरीत उकिडवी बसायची, तेव्हा गुडघे असे वाजायचे की म्हाळसाबाई बाजेवरून विचारायच्या, "काय फुटलं गं?"

"काय नाय आत्या. मीच."

अशात ते पुस्तक घरात आलं.

कुणा बाईची पिशवी काउंटरवर राहिली होती. पिशवीत एक रिकामा डबा आणि एक जाडजूड कादंबरी. बाई परत आलीच नाही. वाट बघून बघून शेठ म्हणाला, टाका रद्दीत. शीलानं डबाही घरी नेला आणि पुस्तकही. पुस्तकाला कव्हर नव्हतं, पहिली पानं नव्हती, नाव नव्हतं. गोष्ट सुरूच व्हायची ती अर्ध्या वाक्यातून.

शीला शाळेत असताना वाचायची. मग लग्न झालं. त्या दिवशी तव्यावर भाकरी टाकून तिनं सहज पुस्तक उघडलं, आणि थोड्या वेळानं म्हाळसाबाईंनी नाक वर केलं.

"काय जळायलंय?"

"भाकर."

"कामून?"

"पुस्तकापायी."

म्हाळसाबाईंनी आयुष्यात भाकरी जळायची कारणं पुष्कळ ऐकली होती, हे नवीन होतं. "असं काय हाय गं त्याच्यात?"

"एक वत्सला हाय आत्या. नवी नवरी. तिच्या सासरी परसात विहीर हाय, वर दगडी फरशी टाकून झाकलेली. आणि दर अवसेला त्या फरशीवर कुणीतरी दिवा लावून जातं."

"कोण?"

"तेच तर कळंना."

म्हाळसाबाई बाजेवरून उठल्या, तव्यापाशी आल्या, आणि जळक्या भाकरीकडं बघितलंसुद्धा नाही. "मोठ्यानं वाच की मग. एकटीच काय वाचायलीस?"

पहिल्या दिवशी जेवण होईपर्यंत वाचलं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी वत्सला कंदील घेऊन परसात निघाली, आणि नेमकी तेव्हाच शीला पुस्तक मिटून उठली.

"उठलीस कशाला?"

"भांडी पडलीत आत्या. घासते अन् मग वाचते."

घासून झाल्यावर शीलाच्यानं वाचणं होईना. डोळे मिटायचे, ओळ सुटायची, एकच वाक्य दोनदा यायचं. वत्सला परसाच्या दारातच ताटकळत राहिली, कंदील हातात धरून. म्हाळसाबाईंची रात्र तिच्यासोबत तिथंच गेली.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली आणि बाईंनी पदर खोचला. "आण ती भांडी इकडं."

"आत्या?"

"मी घासते. तू वाच. आणि आधी ते दार लाव, कुणी बघंल."

तर बघा, असं झालं. पोलिसाला भ्यायली नाही अशी बाई शेजारणीला भ्यायली. दार लावून, आतून कडी घालून, एखादी चोरी करावी तशी म्हाळसाबाई भांडी घासायला बसल्या. आणि शीला मोरीच्या उंबऱ्याला टेकून, रंगाच्या रिकाम्या डब्यावर, पाय लांब करून बसली. सकाळपासून पहिल्यांदा. तळपायातून काहीतरी झिणझिणत वर आलं आणि तिला रडू यायला लागलं. ते तिनं वत्सलेच्या नावावर खपवलं.

त्या घरातली भांडी पुढं जशी लखलखली, तशी नवी असतानासुद्धा नव्हती. वत्सलेची थोरली जाऊ टोचून बोलली की तवा खरवडला जायचा. वत्सलेचा नवरा गुळमुळीत वागला की कढईची खैर नाही. आणि विहिरीचं नाव निघालं की घासणं एकदम बंद, हात हवेत, ड्रमाच्या नळीतून पाणी वाया.

"आत्या, पाणी."

"जाऊ दे पाणी. फरशी सरकली का?"

एकदा अजिनाथला लवकर सुट्टी झाली. त्यानं दार वाजवलं, आत आला, आणि चौकटीतच थांबला. "माय? तू भांडी?"

"गप उभा ऱ्हा. वत्सला विहिरीकडं चाललीय."

"कोण वत्सला?"

"तुला काय करायचंय? हात धू."

बिचाऱ्याला जेवण मिळायला धडा संपायची वाट बघावी लागली. तो तसाच बुटं घालून बसला, आणि धडा संपल्यावर हळूच विचारलं, "मग दिवा कोण लावतं?"

असं झालं म्हणजे गोष्ट चांगली, दुसरं काय?

पण पुस्तकाची एक खोड असते. ते संपतं. डाव्या हाताकडं पानं जाड होत गेली, उजव्या हाताकडं पातळ. शीलाला धीर धरवेना. एक दिवस तिनं पुस्तक पिशवीतून दुकानात नेलं. दुपारी परकरांच्या गठ्ठ्यांमागं गेली आणि चक्क गठ्ठ्यावर बसली. बाहेर गिऱ्हाईक "ताई, ओ ताई" करतंय, शेठ ओरडतोय, आणि ही वत्सलेच्या पाठोपाठ विहिरीवर. शेवटची ओळ वाचूनच उठली. शेठनं सगळ्यांसमोर झापलं. तिला काही ऐकूच आलं नाही.

दिवा थोरली जाऊ लावायची. विहिरीत घरच्या दागिन्यांचा डबा लपवलेला होता, आणि नव्या नवरीनं परसात पाऊल टाकू नये म्हणून ती तिला भुताचं भ्या घालत होती. जाऊ पकडली गेली, डबा सापडला, वत्सलेच्या हातात किल्ल्या आल्या. संपलं.

रिक्षात चार बायकांच्या मध्ये अंग चोरून बसलेली असताना शीलाला ते खरं कळलं. वत्सलेचं भलं झालं. पण आता भांडी परत माझी.

त्या संध्याकाळी ती डब्यावर बसली तेव्हा शेवटचा धडा समोर होता. वाचत गेली. अवसेची रात्र, वत्सला दबकत दबकत विहिरीपाशी, दिव्याजवळ कुणीतरी वाकलेलं. मोरीतला आवाज थांबला. म्हाळसाबाईंच्या हातात पातेलं, पातेल्यावर फेस.

"त्या बाईनं मान वर केली," शीलानं वाचलं, "आणि..."

पुढचे शब्द समोर होते. स्पष्ट छापलेले. शीलाचे पाय समोर पसरलेले, घोट्यापाशी सुजलेले.

"आणि काय?"

सकाळी सिटी चौकात तिनं एक बोहारीण बघितली होती. डोक्यावर भांड्यांचं टोपलं, खांद्यावर जुन्या कपड्यांचं बोचकं. "आणि... ती एक बोहारीण होती," शीला म्हणाली.

"बोहारीण?" म्हाळसाबाईंनी पातेलं खाली ठेवलं. "जुन्यावर भांडी देती ती? ती कामून दिवा लावंल?"

"तेच तर पुढं हाय आत्या."

"मायबाई!" म्हाळसाबाई म्हणाल्या, आणि पातेलं पुन्हा उचललं. नव्या दमानं.

आता तुम्ही म्हणाल, शीलाचं बरं झालं. कुठलं बरं! पुस्तक वाचायला फक्त डोळे लागतात. रचायला सगळीच शीला लागायला लागली. दुकानात साड्या उलगडताना ती बोहारणीला उलगडत होती. आज कुठल्या गावात न्यायची, कुणाच्या दारात उभी करायची. कुणी हिरवी मागितली की निळी काढायची. शेठनं विचारलं, "बाई, तब्येत ठीक नाय का?" ती म्हणाली, "ठीक हाय. घाट चढायचाय अजून." शेठ पुन्हा नोटा मोजायला लागला.

आणि संध्याकाळी कोऱ्या चेहऱ्यानं जुनीच पानं समोर धरून वाचल्यासारखं करायचं. बोहारणीची एक मुलगी हरवलेली होती, ती ज्या घरात दिली त्या घरात विहीर होती, म्हणून ही प्रत्येक विहिरीवर दिवा लावत फिरते. हे जुळलं बऱ्यापैकी. पण म्हाळसाबाईंशी गाठ होती. शेकडो मेंढरांतून आपलं कोकरू कानावरून ओळखणारी बाई.

"काल तिच्या मागं काळी शेळी होती म्हणालीस. आज कबरी कशी झाली?"

"छापणाऱ्यानं चुकवलं असंल आत्या."

"लई बेफिकीर माणूस दिसतोय."

तरी शेळी काळीच ठेवावी लागली पुढं. ती जुनी पानं उलटायला शीला कधी कधी विसरायची. भांडी घासून जेवढा जीव दमला नसता, तेवढा आता दमायचा. पण पाय लांब करून बसता येत होतं. तेवढ्यासाठी ती दिवसभर गोष्ट शोधत उभी राहायची.

बोहारीण मात्र चालतच राहिली. शीलाला तिला थांबवता येईना. थांबली की संपली.

आणि मग ज्ञानेश्वरी आली. अजिनाथच्या बहिणीची पोरगी, कन्नडहून, कसल्याशा भरतीची परीक्षा द्यायला. बॅगेत गाइडं, कानात वायर, तोंडात सतत "मामी, भूक लागली". पेपर दुसऱ्या दिवशी होता. शीला सकाळी कामाला गेली तेव्हा पोरगी बाजेवर गाइड उघडून बसली होती. संध्याकाळी शीला आली तेव्हा पोरगी बाजेवरच होती. आंघोळ नाही, केस विंचरलेले नाहीत, ताट तसंच झाकलेलं. हातात गाइड नव्हतं.

शीलाच्या हातातल्या चपला तिथंच पडल्या.

"मामी!" ज्ञानेश्वरीनं पुस्तक छातीशी धरलं. "काय भारी हाय हे! मी दुपारपास्नं उठलेच नाय. मला तर वाटलंच होतं की थोरली जाऊच दिवा लावती."

म्हाळसाबाई लसूण सोलत होत्या. हात थांबला. "कोण लावती?"

"थोरली जाऊ की आजी. विहिरीत दागिन्यांचा डबा होता ना. वत्सलेनं तिकडं जाऊ नये म्हणून."

"दागिन्यांसाठी?" म्हाळसाबाईंचा चेहरा असा झाला, जसा बाजारातून आणलेलं खरबूज फिकं निघाल्यावर होतो. "एवढंच? एवढ्यासाठी एवढं जाड पुस्तक?" मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. "आणि मग ती बोहारीण?"

"कोणती बोहारीण?"

"काळ्या शेळीवाली."

"आजी, बोहारीण तर नायच ह्याच्यात. शेळीबी नाय."

शीला चपला उचलायला खाली वाकली आणि वर यायला तिला फार वेळ लागला. म्हाळसाबाई लसणाच्या पाकळीकडं बघत राहिल्या. ज्ञानेश्वरीला कळलं की आपल्या हातून काहीतरी सांडलं, पण काय, ते कळेना. तिनं गाइड उघडलं.

जेवताना अजिनाथ नव्हता, ते एक बरं. ताटं उचलली. म्हाळसाबाई जागच्या उठल्या नाहीत, पदर खोचला नाही. शीलानं साडी गुडघ्यावर घेतली आणि मोरीत बसली. गुडघे वाजले. दार सताड उघडं होतं. आता झाकायचं काय होतं? सून भांडी घासतेय, सगळं आपापल्या जागी.

पहिलं ताट झालं. दुसरं झालं. वत्सलेच्या राज्यात घासलेली कढई अजून इतकी चकचकीत होती की शीलाला तिच्यात स्वतःचं तोंड दिसलं. तिनं कढई उलटी ठेवली.

"आत्या, चुकलं माझं," ती पाठमोरी म्हणाली. "पुस्तक कवाच संपलं होतं. मला... बसायला मिळत होतं ना, म्हणून."

मग बाज करकरली.

"कुठवर आली होती ती?"

"कोण?"

"बोहारीण."

शीलानं हात पुसले. "कन्नडच्या घाटात. चढ लागला होता."

"डोक्यावर टोपलं?"

"हाव."

"भरलेलं?"

"भरलेलं."

"आणि ऊन?"

"ऊन तर हायच की आत्या."

म्हाळसाबाई उंबऱ्यापाशी आल्या होत्या. "लई दिवस झाले चालायली ती," त्या म्हणाल्या. "कुणाच्या दारात बसली नाय, पाण्याला थांबली नाय. मी रोज म्हणायचे, आज तरी ही बसंल. तू बसवीनास." त्यांनी भिंतीला हात लावला. "तो घाट मी चालले हाय. कोकरं पाटीत घालून, ती पाटी डोक्यावर घेऊन. चढाच्या मध्यावर एक सपाट दगड हाय, सावलीचा. यायचे-जायचे सगळे तिथं टेकतात. आम्ही बी टेकायचो. तिथं बसव तिला."

"बसली की गोष्ट संपंल आत्या."

"संपू दे की."

"मग भांडी?"

म्हाळसाबाईंनी सुनेकडं असं बघितलं, जसं लंगडणाऱ्या मेंढराकडं बघतात. राग नाही, कौतुकही नाही. नुसतं कुठला पाय ते बघतात, तसं. मग पदर खोचला. "उठ. हो बाजूला."

"आत्या, दिवसभर मी गोष्ट शोधू शकत नाय आता. खरं सांगते. दुकानात हिरवीच्या जागी निळी जायला लागली."

"कुणी मागितली गोष्ट? तू नुसती बस. ते दार लाव तेवढं."

शीलानं दार लावलं, कडी घातली. रंगाचा डबा ओढला आणि उंबऱ्याला टेकून बसली. हातात पुस्तक नाही, डोक्यात काही नाही. पाय लांब केले. म्हाळसाबाईंनी तांब्या उचलला, आज जरा हळू घासायला लागल्या. चिडायला कुणी जाऊ नव्हती.

"बसली का?" थोड्या वेळानं त्यांनी मोरीतूनच विचारलं.

"कोण, मी?"

"ती गं."

शीलानं डोळे मिटले. "बसली. टोपलं उतरवलं खाली."

"शेळी?"

"हाय शेजारी. काळीच."

म्हाळसाबाईंनी मान हलवली आणि तांब्या विसळला.

बाजेवरून गाइड मिटल्याचा आवाज आला. उद्या सकाळी पेपर असलेली ज्ञानेश्वरी उठून मोरीपाशी आली होती, डोळे मोठ्ठे करून.

"मामी, कोणती बोहारीण? मग पुढं काय झालं?"

"गप गं पोरी," म्हाळसाबाई म्हणाल्या. "आत्ताच बसलीय ती."